मांडीवर झोपतं, खाली ठेवलं की टक्क जागं: रोजचा हा घोळ कसा सोडवायचा

रात्रीचे साडेदहा वाजलेत. बाळ मांडीवर झोपलंय, तोंड किंचित उघडं, टोपरं एका कानावर सरकलेलं. तुमच्या पायाला मुंग्या आल्यात. श्वास रोखून तुम्ही त्याला गादीवर ठेवायला वाकता आणि पाठ टेकायच्या आत त्याचे डोळे उघडतात. मग रडणं, पुन्हा उचलणं, पुन्हा अर्धा तास थोपटणं. बारापर्यंत हे तीन-चारदा होतं. शेवटी कसंबसं झोपतं आणि पाऊण तासात परत उठून बसतं.

आमच्या लेकीने साडेपाच महिन्यांची झाल्यापासून पुढचे दोन महिने हेच केलं. डोंबिवलीत वन बीएचके, घरात सासू-सासरे, नवरा लोकलने रात्री साडेनऊला घरी. त्या दोन महिन्यांत मला सगळ्यांनी एकच वाक्य ऐकवलं: "मांडीची सवय लावलीस, आता भोग." सवयीचा भाग असतो, पण तो थोडा असतो. आमच्याकडे खरं बिघडलेलं होतं ते संध्याकाळी सहापासून पुढचं सगळं, आणि मी मात्र रात्री अकराला गादीपाशी उपाय शोधत बसले होते. ज्यांच्या घरी आज हे चालू आहे त्यांच्यासाठी सगळं नीट मांडते.

हे साधारण चार महिने ते सव्वा वर्षाच्या बाळांना लागू पडतं. त्याहून लहान बाळाला क्रम-बिम लावायच्या भानगडीत पडू नका. त्याच्या शरीराचं दिवस-रात्रीचं घड्याळ दोन ते चार महिन्यांच्या दरम्यान बसायला लागतं, तोवर दिवसा उजेडात ठेवायचं आणि रात्री मंद उजेडात, न बोलता पाजायचं, एवढं पुरे. तिन्हीसांजेची किरकिरही सहाव्या आठवड्याच्या आसपास कळसाला जाते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते. तेव्हा मीठ-मोहरीने दृष्ट काढणाऱ्या आज्यांवर मी कधी हसत नाही. दिवा मंद, घर शांत, बाळ कुणाच्या तरी कुशीत आणि रोजची तीच वेळ, यातला प्रत्येक भाग बाळाला निववणाराच आहे.

आधी दुखणं नाही ना, ते बघा

बाळ कालपर्यंत बरं झोपत होतं आणि आज अचानक बिघडलं असेल तर पहिला संशय सवयीवर घेऊ नका. नाक चोंदलंय का? आडवं केलं की जास्त रडतं आणि उभं धरलं की थांबतं का? मग कान दुखत असेल किंवा दूध वर येत असेल. लंगोटाच्या काठाने लाल झालंय का? घोरतं का, झोपेत श्वास अडकल्यासारखा वाटतो का? वजन वाढायचं थांबलंय का? यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री न्या.

दातांवर मात्र आपण फार खापर फोडतो. दात येताना दोन-चार रात्री खराब जातात. तीन आठवडे सलग झोप उडाली असेल तर कारण दुसरं आहे.

ठेवताना जाग का येते

जपानमधल्या रिकेन या संशोधन संस्थेत कुमी कुरोदा यांच्या गटाने २०२२ साली २१ बाळांच्या हृदयाचे ठोके मोजत हे तपासलं. आईने कडेवर किंवा उराशी घेऊन पाच मिनिटं न थांबता चालत राहिल्यावर रडणारी बाळं शांत झाली आणि त्यातली बरीचशी झोपलीही. पण खाली ठेवताना काही पुन्हा जागी झाली. मला यात सगळ्यात उपयोगी वाटलं ते पुढचं. बाळाला चाळवतो तो गादीचा स्पर्श नव्हे. आईच्या अंगापासून ते सुटं व्हायला लागतं, त्याच क्षणी ठोके बदलतात. आणि झोप लागल्यावर काही मिनिटं मांडीवरच राहिलेली बाळं ठेवल्यावरही झोपून राहिली. त्यांचा सल्ला असा: पाच मिनिटं चाला, मग बाळाला घेऊन पाच ते आठ मिनिटं बसा, आणि मग ठेवा.

मी काय करत होते? डोळे मिटले रे मिटले की लगेच ठेवायला धावत होते, कारण स्वयंपाकघरात ओटा तसाच पडलेला असायचा.

पाऊण तासाने उठण्याचं कारण वेगळं आहे. मोठ्या माणसाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं असतं, बाळाचं पन्नास मिनिटांच्या आसपास. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी झोप वरवरची होते. आपणही तेव्हा कूस बदलतो, पांघरूण ओढतो आणि सकाळी ते आठवतही नाही. बाळ मांडीवर, हलत्या हाताच्या तालावर झोपलेलं असतं. पन्नास मिनिटांनी डोळे किलकिले करून बघतं तर मांडी नाही, ताल नाही, आईचा वास नाही. आपण हॉलमध्ये सोफ्यावर झोपलो आणि जाग आली तेव्हा गच्चीवर होतो, तर आपणही ओरडूच की.

तीन दिवस वहीत लिहा

काहीही बदलायच्या आधी हे करा. किती वाजता उठलं, दिवसा कधी नि किती झोपलं, शेवटचं दूध कधी, दिवा कधी मंद केला, डोळे पहिल्यांदा कधी चोळले. मी दुधाच्या हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिलं. तिसऱ्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर जे आलं ते असं: लेक रोज सव्वासातच्या सुमारास डोळे चोळायची, कान ओढायची आणि पंख्याकडे एकटक बघत बसायची. म्हणजे तिची झोपेची वेळ झालेली असायची. पण तेव्हा हॉलमध्ये मालिका सुरू व्हायची, आठला कुकरच्या शिट्ट्या, साडेनऊला बाबा घरी येऊन तिला वर उडवणार, ती खिदळणार. साडेदहाला मी तिला झोपवायला घ्यायचे. तोवर ती तीन तास ताटकळलेली असायची.

दमलेलं बाळ लवकर झोपेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात वेळ टळली की ते चेकाळतं, हातपाय झाडतं, हसतंसुद्धा, आणि मग झोप लागायला दुप्पट वेळ घेतं. ते हसणं बघून घरातले म्हणतात, "अगं, हिला झोप आलेली नाही, खेळू दे." या एका वाक्याने आमचे किती तास गेले असतील!

दुपारची झोपही वहीत दिसते. सहा-सात महिन्यांचं बाळ साधारण दोन ते तीन तास सलग जागं राहू शकतं. संध्याकाळची शेवटची डुलकी सहापर्यंत लांबली तर आठला झोप येणारच नाही, आणि दुपारी अजिबात झोपलं नाही तरी रात्र बिघडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला दिवस-रात्र मिळून १२ ते १६ तास झोप सांगितली आहे. वहीतल्या आकड्यांची बेरीज त्याच्या आसपास आली की जिवाला बरं वाटतं. आमची पहिल्या तीन दिवसांत साडेदहा तासांवर होती.

संध्याकाळ कशी बदलली

सासूबाईंशी मी आधी बोलले, कारण टीव्ही त्यांचा आणि एक खोली आमची. "आई, पंधरा दिवस आपण सात ते आठ आवाज कमी ठेवून बघूया का? नाही जमलं तर आहेच आपलं नेहमीचं." त्यांनी पहिल्या दिवशी आवाज कमी केला, तिसऱ्या दिवशी सीरियल दुपारच्या पुनर्प्रक्षेपणात बघायला लागल्या. कुकर मी सहालाच लावून मोकळी व्हायला लागले. घरात ठणठणीत शांतता लागत नाही हे लक्षात घ्या. पंख्याचा आवाज, बाहेरचं बोलणं बाळाला चालतं. अचानक होणारा आवाज आणि सतत बदलणारा उजेड चालत नाही.

मग क्रम ठरवला. सव्वासातला खोलीतली ट्यूबलाइट बंद, कोपऱ्यातला पिवळा झिरोचा बल्ब चालू. कोमट पाण्यात पंचा पिळून मान, काखा, मांड्यांचे सांधे पुसायचे. उन्हाळ्यात याऐवजी चक्क अंघोळ. पाणी कोपराने बघायचं, बोटाने नाही. मग तळपायांना आणि पोटऱ्यांना चार थेंब खोबरेल. सकाळी मालिशवाल्या मावशी करतात तशी रगडून मालिश इथे नको, त्याने बाळ तरतरीत होतं. फक्त वरून खाली हात फिरवायचा. सुती झबलं, कोरडा लंगोट. मग दूध. दुधानंतर खांद्यावर घेऊन ढेकर. मग एकच अंगाई, रोज तीच, आणि ठेवायचं. सगळं मिळून पस्तीस-चाळीस मिनिटं.

तुमच्या घरी यातलं एखादं बसणार नाही, दुसरं काही घाला. पायऱ्या चार-पाचच असाव्यात, क्रम बदलू नये आणि जागा तीच असावी. २००९ साली अमेरिकेत जोडी मिंडेल यांच्या गटाने ४०५ आया आणि त्यांच्या लहान मुलांवर हे करून पाहिलं होतं. अंघोळ, अंगाला हलका हात, मग शांत वेळ आणि अर्ध्या तासाच्या आत दिवा बंद, एवढंच दोन आठवडे. मुलं लवकर झोपायला लागली, रात्रीचं उठणं कमी झालं आणि आयांचा मूडही सुधारला. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. दोन महिने तुटक झोपलेली बाई घरातल्या कुणाशी धड बोलू शकत नाही.

दूध अगदी शेवटी न ठेवता अंगाईच्या आधी ठेवलं, यालाही कारण आहे. पाजता पाजताच झोपलं तर जाग आल्यावर त्याला पुन्हा तेच हवं असतं. म्हणून पाजून झोपवणं म्हणजे चूक केली असं मात्र नाही, कितीतरी बाळं तशीच झोपतात आणि छान झोपतात. तुमच्याकडे अडचण नसेल तर मोडूच नका. आणि पाजताना मोबाइल बघणं सोडा. माझ्या लेकीचं तोंड माझ्याकडे आणि डोळे स्क्रीनच्या उजेडाकडे असायचे, हे मला नवऱ्याने दाखवलं तेव्हा कळलं.

आता बाबा. साडेनऊला येणाऱ्या बाबाला बाळ झोपलेलं दिसणं हे खरं दुःख आहे, ते उडवून लावू नका. आम्ही सकाळ त्याची केली. सव्वासहाला ती उठली की साडेसातची गाडी पकडेपर्यंत ती त्याच्याकडे: बाल्कनीत कबुतरं बघणं, शी-शू, पहिली पेज. उडवाउडवीही तेव्हाच. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की रात्रीची झोपही वेळेवर येते, हा त्यातला वरचा फायदा.

ठेवायचं कसं

हे मी हळूहळू शिकले, म्हणून जरा बारकाईने सांगते.

पेंगुळल्यावर लगेच उठू नका. घड्याळ बघून आठ मिनिटं बसा. मग तिचा एक हात मनगटापाशी उचलून सोडा. ओल्या फडक्यासारखा खाली पडला तर झोप खोल गेली आहे. बोटं आक्रसली, पापण्यांखाली बुबुळं फिरली, ओठ चुटचुटले तर अजून थांबा. ठेवायची जागा आधी हाताने चोळून घ्या. थंडीत गार चादर लागली की बाळ दचकतं. मी माझी जुनी, धुऊन मऊ झालेली सुती साडी चौघडी करून गादीवर घालते आणि कडा गादीखाली घट्ट खोचते. तिला ती वासाने ओळखीची.

ठेवताना स्वतः वाका, बाळाला पुढे करू नका. तुमची छाती तिच्या छातीला लागलेली असताना आधी तिचे पाय टेकवा, मग ढुंगण, मग पाठ, सगळ्यात शेवटी डोकं. डोकं आधी खाली गेलं की पडल्याचा भास होतो आणि हात फाकतात. पाठ टेकल्यावरही तसंच वाकून दहा श्वास थांबा. मग हळूच सरळ व्हा, पण एक तळवा तिच्या पोटावर राहू द्या, वजन न देता. मी त्या तळव्याखाली श्वास मोजते. श्वास लांब झाला की आधी करंगळीकडून हात सोडवते, अंगठा शेवटी.

हे जमलं की महिनाभराने पुढची पायरी. पूर्ण झोपण्याच्या जरा आधी, डोळे जड पण किलकिले असताना ठेवायचं आणि तिथेच थोपटायचं, म्हणजे झोप गादीवरच लागते. पहिले पाच-सहा दिवस रडेल. मी तिला एकटीला रडत सोडलं नाही, तशी माझी छाती नाही आणि आपल्या एका खोलीच्या घरात ते शक्यही नाही. रडली की थोपटायचं, नाही थांबली तर उचलायचं, शांत झाली की पुन्हा ठेवायचं. पहिल्या रात्री नऊ वेळा उचललं. आठव्या रात्री एकदा.

आणि पन्नास मिनिटांनी चुळबुळ ऐकू आली तर झेप घेऊ नका. तीस-चाळीस श्वास थांबा. बाळं झोपेत कण्हतात, पाय आपटतात, एखादा हुंदकाही देतात आणि परत झोपतात. त्यांना जागं करणारी कितीदा मीच होते.

रात्री भुकेने उठणं वेगळं. सहा महिन्यांनंतरही एक-दोनदा पाजावं लागणं अगदी नेहमीचं आहे. दिवा न लावता पाजा, शी केली नसेल आणि लंगोट अगदी ओला नसेल तर बदलू नका. पोट भरलं की रात्रभर झोपेल म्हणून झोपताना वाटीभर नाचणीची खीर कोंबू नका. गच्च पोटाने उलट अस्वस्थ होतं. शेवटचं घट्ट खाणं झोपेच्या तासभर आधी उरकावं.

गुटी, झोळी आणि मोहरीची उशी

घरातली मोठी माणसं हे प्रेमाने सुचवतात, म्हणून बोलायला जड जातं. तरी बोला.

गुटीत जायफळाचे दोन वळसे दिले की झोपेल, असं मलाही सांगितलं गेलं. जायफळ जास्त झालं की विषबाधा होते, आणि सहाणेवरचा वळसा कुणी तोलून देत नाही. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीच द्यायचं नसतं, आणि मध तर पहिलं वर्ष अजिबात नाही. झोपेसाठी कुठलंही बाटलीतलं औषध, सर्दीचंसुद्धा, स्वतःच्या मनाने देऊ नका. मुंबईच्या गिरण्यांच्या काळात कामावर जाणाऱ्या आया नाइलाजाने बाळाला अफूची गोळी द्यायच्या. आपल्यावर ती पाळी नाही.

साडीच्या झोळीत बाळ पटकन झोपतं हे खरं. पण तिथे हनुवटी छातीला टेकून श्वासाची वाट दबू शकते, आणि कूस बदलायला लागलेल्या बाळाच्या मानेभोवती कापड आवळू शकतं. कुणी समोर बसून असेल तेव्हाच, आणि झोप लागली की सपाट जागी. मोहरीची उशी नको, कुठलीच उशी नको. झोपताना टोपरं काढा, डोकं तापतं. बाळाला पाठीवरच ठेवा. १९९२ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने हा सल्ला दिला आणि पुढच्या दशकभरात तिथे झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या निम्म्याहून खाली आली. आपल्याकडे बाळ आईजवळच झोपतं, तेव्हा गादी कडक असू द्या, जड गोधडी आणि उशा बाळापासून लांब, भिंत आणि गादी यांत फट नको. शेजारी झोपणाऱ्याने दारू घेतली असेल किंवा तो सिगरेट-बिडी ओढत असेल तर बाळाची गादी वेगळीच घाला. सोफ्यावर बाळाला घेऊन डोळा लागू देऊ नका.

बसलेली घडी पुन्हा मोडली तर

मोडतेच. आम्ही गणपतीला गावी गेलो, आठ दिवस रात्री आरत्या, दहा जणांच्या मांड्या, परत आलो तर सगळं पहिल्यासारखं. त्याआधी रांगायला लागली तेव्हाही मोडली होती. झोपेत उठून गुडघ्यांवर डुलायची. लसीनंतर दोन रात्री गेल्या. अशा वेळी नवीन काही सुरू करू नका, तोच पंचा, तेच तेल, तीच अंगाई. गावी जाताना मी ती साडी आणि झिरोचा बल्ब बॅगेत घालते. आरतीनंतर तिला माजघरात घेऊन तोच क्रम केला की निदान अर्धं काम होतं. घरी परतल्यावर साधारण तीन-चार रात्रींत गाडी रुळावर येते. पाचव्या रात्रीही येत नसेल तर वही पुन्हा काढा, तीन दिवस लिहा, आणि गादीपासून नव्हे, दुपारच्या झोपेपासून बघायला लागा.